गोऱ्याचा कोट

रविवार, २२ नोव्हेंबर २००९. वाल सोलायचे होते.

जांभूळ माझं माहेर. तिथून आलेले कडवे वाल मी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले होते. सकाळी कोमट पाण्यात टाकले आणि परात दोघींमध्ये ठेवून मी आणि सासूबाई हॉलमध्ये खाली बसलो. मोडाचा वाल चिमटीत दाबला की दाणा सटकन परातीत पडतो आणि साल बोटाला चिकटून राहते. काम सोपं, पण संपता संपत नाही, म्हणून दोघींनी बसून करायचं. सासूबाई मूळच्या नगरकडच्या. लग्न होऊन अंबरनाथला येईपर्यंत त्यांनी वालाचं बिरडं हा प्रकार पाहिलाच नव्हता. "एवढा खटाटोप करायचा आन् शेवटी कडूच," असं त्या दर वेळी म्हणतात आणि दुसऱ्यांदा वाढून घेतात.

त्या दिवशी त्या काहीच म्हणाल्या नाहीत. निम्मे वाल सोलून झाले तरी नाही. माझ्या लक्षात आलं होतं, पण मी विचारलं नाही. सांगायचं असेल ते त्या आपण होऊन सांगतात, खोदून विचारलं की उठून आत जातात. शेवटी त्यांनी हातातली साल पाण्यात टाकली आणि भिंतीकडे न बघता म्हणाल्या,

"तो फोटोतला माणूस आपलाच हाय का गं?"

आमच्या हॉलमध्ये माणसाचा फोटो एकच, माझ्या सासऱ्यांचा. निळा सूट, लाल टाय, वरच्या खिशाला दोन पेनं, मागे आकाशी पडदा. सासरे गेले तेव्हा माझा नवरा दुसरीत होता, त्यामुळे मी त्यांना पाहिलेलं नाही. सासूबाईंनी त्यांच्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये नोकरी धरली, मुलगा वाढवला आणि तिथूनच रिटायर झाल्या. आम्ही पूर्वेला चाळीत राहत होतो तोवर सासऱ्यांचा फोटो म्हणजे सासूबाईंच्या पाकिटातला एक कातरलेला चिटोरा होता. तो त्या कुणाला दाखवत नसत. पश्चिमेला हा फ्लॅट घेतला तेव्हा, आता भिंत आहे तर फोटो पाहिजे, म्हणून नवऱ्याने तो चिटोरा उल्हासनगरच्या एका स्टुडिओत नेऊन दिला आणि मोठा, रंगीत, फ्रेम करून आणला. तेव्हापासून दर पौर्णिमेला फळीवरच्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लागली की दुसरी या फोटोपुढे लागते. काच सासूबाई स्वतः पुसतात. फोटोत मानेला लागून, कॉलरच्या वर, एक फिकट डाग आहे. तो आतला आहे, पुसून जायचा नाही, हे मी त्यांना कितीदा सांगितलं. तरी पुसताना त्या ठिकाणी फडकं दोनदा फिरतंच.

"आपलाच म्हणजे?" मी विचारलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आदल्या दिवशी आम्ही बदलापूरला एका लांबच्या नातेवाइकांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसाच्या कार्याला, गेलो होतो. मी मागे बायकांत बसले होते. सासूबाई वयाने मोठ्या, म्हणून त्यांना पुढे बोलावून फोटोला फुलं वाहायला सांगितलं. त्या गेल्या, फुलं हातात धरून उभ्या राहिल्या, आणि जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, जुनी ओळख असेल, भरून आलं असेल. तसं काही नव्हतं. तिथल्या फोटोतल्या माणसाच्या अंगात आमच्याच घरातला सूट होता. तोच निळा, तीच टाय, तीच दोन पेनं, आणि एका पेनाची क्लिप जराशी वाकडी, तीसुद्धा तशीच.

"पडदा पन तोच," सासूबाई म्हणाल्या. "फक्त मुंडकं दुसरं."

मला हसू आलं होतं, ते मी गिळलं. म्हटलं, आई, स्टुडिओवाल्यांकडे तयार कोट असतात कॉम्प्युटरमध्ये. कुणाचाही चेहरा आणून दिला की त्यात बसवतात. सगळीकडे असंच चालतं.

"ते मला कळतं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्याकडं सूट कुठला? धुतलेला सदरा असला तरी पुष्कळ. पन मी म्हनलं, कोट खोटा असंल, माणूस तर खरा. आता वाटतंय, कोट बदलता येतो तर तोंड नाय का बदलता येणार? ह्यांच्या भुवईवर खोक होती. लहानपनी बैलगाडीचा खुटा लागलेला. ती कुठं हाय फोटोत?"

मी उठून बघितलं. नव्हती. दोन्ही भुवया रंगवल्यासारख्या सारख्या होत्या.

"कुठल्या भुवईवर?" मी विचारलं.

त्यांनी ओला हात स्वतःच्या उजव्या भुवईकडे नेला, मग डाव्या, मग पदराला पुसला. "तेच तर," त्या म्हणाल्या. "डोळं मिटलं की हा सूटवालाच येतो समोर. आधीचा येतच नाय. हा दुसराच कुणी असंल तर मी इतकी वर्षं कुणापुढं मेणबत्ती लावते?"

रडल्या वगैरे नाहीत. आमच्या घरात तो रिवाज नाही. पण त्यांनी पुढचा वाल उचलला नाही आणि मला कळलं की हे आजच निस्तरायला हवं. एकदा त्यांचा हात थांबला की थांबतो.

माझं काम असं आहे की फोटो हा माझा रोजचा भाजीपाला. उल्हासनगरला एका छपाईच्या दुकानात मी लेबलं आणि पाकिटं डिझाइन करते. लोणचं, पापड, अगरबत्ती, जीन्सचे टॅग. गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, मॅडम, एक अच्छीसी लेडी डाल दो, स्माइल देती हुई. मग मी नेटवर लेडी शोधते. आधी मीही शब्द टाकून जे येईल ते उचलत असे. एकदा त्याच गल्लीतले दोन पापडवाले आपापली पाकिटं घेऊन दुकानात भांडायला आले. दोन्हींवर एकच बाई, एकीच्या कपाळाला टिकली आणि दुसरीच्या नाही. एक आमचं होतं, दुसरं पलीकडच्या दुकानाचं. तेव्हापासून दुकानात नियम झाला की फोटो वापरायच्या आधी तो आणखी कुणाच्या पाकिटावर बसलाय ते बघायचं. नजरेने बघणं अवघड होतं, पण आदल्या वर्षी एक नवीनच साईट सापडली होती. तिला शब्द द्यायचा नाही, फोटोच द्यायचा. मग हाच फोटो नेटवर आणखी कुठेकुठे आहे ते ती दाखवते.

सासूबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, पोलिसात फोटो देतात तसं. म्हटलं, हो, पण हिला जेवढे माहीत आहेत तेवढेच ती सांगते. आपले बदलापूरचे पाहुणे हिला माहीत नाहीत.

परात ओट्यावर ठेवली. फोटो भिंतीवरून काढला, काच काढली आणि खिडकीपाशी उभा करून डिजिटल कॅमेऱ्याने त्याचा फोटो घेतला. बेडरूममधल्या कॉम्प्युटरवर चढवला. आमचं नेट तेव्हा मर्जीने चाले. सासूबाई पलंगावर बसल्या, चष्मा लावून, हात मांडीवर.

अख्खा फोटो दिला. काही सापडलं नाही.

नुसता चेहरा कापून दिला. काही सापडलं नाही. तसं सापडायला नकोच होतं, हे मी त्यांना सांगितलं. चेहरा नेटवर कुठे सापडला नाही, म्हणजे निदान तो कुणा मॉडेलचा उचललेला नाही. त्या म्हणाल्या, "किंवा तुझ्या पोलिसाला ठावं नाय." आता माझंच वाक्य माझ्या अंगावर आलं.

मग मान कापून नुसता कोट दिला. तोही नाही सापडला. याचं मात्र मला नवल वाटलं, कारण स्टुडिओवाले असले कोट नेटवरूनच घेतात. मी तो कोट मोठा करून नीट पाहिला आणि स्वतःवरच चिडले. पेनांचा खिसा उजव्या बाजूला होता. पुरुषाच्या कोटाचा वरचा खिसा डावीकडे असतो. सासऱ्यांची मान ज्या बाजूला कलली होती तिच्याशी खांदे जुळावेत म्हणून स्टुडिओवाल्याने कोट आरशातल्यासारखा उलटा फिरवला होता. लेबलांवर आम्ही हेच करतो. बाईने आंब्याकडे बघायला हवं, ती दुसरीकडे बघत असली तर फिरवायची. आणि उलटा केलेला फोटो त्या साईटला ओळखता येत नसे.

मी कोट पुन्हा सुलटा केला आणि दिला. एकदम पाच-सहा फोटो खाली उतरले.

त्या सुटात एक गोरा होता. तांबूस केस, गालावर ठिपके, हनुवटीत खळी. एका ठिकाणी तो विमा विकत होता, एका ठिकाणी दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीत हसत होता, एका ठिकाणी हात पुढे करून कुणाला तरी नोकरी देत होता. वाकडी क्लिप सगळीकडे होती. टाय मात्र मूळची हिरवी होती.

सासूबाई पलंगावरून उठून पडद्याच्या अगदी जवळ आल्या. बराच वेळ बघितलं.

"हा होय," त्या म्हणाल्या. "दात चांगलं हायत."

आणि त्या हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मीही हसले. त्यांनी सगळे फोटो परत दाखवायला लावले. विम्याचा, दाताचा, नोकरीचा. "किती कामं करतो बिचारा," त्या म्हणाल्या. "वरून आपल्याकडं येऊन पन उभा राहतो." मग बदलापूरच्या पाहुण्यांचं आठवलं. "आपल्यात वरबीर काय नसतं ते बरंय. नायतर दोघं एका कोटावरून भांडलं असतं."

हसून झाल्यावर त्या परत पलंगावर बसल्या. "बरं," म्हणाल्या, "कोट गोऱ्याचा. आता मुंडकं कुणाचं ते सांग."

तेवढ्यात नवरा नारळ आणि कोथिंबीर घेऊन आला. भिंत रिकामी, फोटो खिडकीत, काच पलंगाखाली आणि कॉम्प्युटरवर बापाच्या सुटात गोरा, हे बघून तो पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मी थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, चेहरा बाबांचाच आहे, मी स्वतः दिला होता.

"काय दिलं होतंस? नीट सांग," सासूबाई म्हणाल्या.

त्याने सांगितलं ते असं. चिटोऱ्यावर सासरे बनियनमध्ये होते. कारखान्याच्या कबड्डी टीमचा फोटो होता तो, त्यातून सासूबाईंनी त्यांचं डोकं आणि खांदे तेवढे कात्रीने कापून घेतले होते. बनियनमधला बाप भिंतीवर कसा लावायचा, म्हणून त्याने स्टुडिओवाल्या सिंधी अंकलना सूट घालायला सांगितलं. चिटोरा पाकिटात राहून मळला होता, घडीची रेघ पडली होती, म्हणून तो म्हणाला होता, अंकल, फोटो साफ करके देना.

मी कपाळाला हात लावला. "साफ म्हणालात?"

"मग काय म्हणणार? मळला होता."

या धंद्यात नसलेल्या माणसाला हे कळायचं नाही. स्टुडिओत साफ म्हणजे चेहरा साफ. पुटकुळ्या, वांग, देवीचे व्रण, तीळ, सगळं काढायचं. लग्नाच्या फोटोला प्रत्येक जण हेच सांगतो. कागद साफ करायला सांगायचं तर डाग निकालो म्हणायचं. अंकलनी सांगितलेलं काम चोख केलं होतं. घडीची रेघ काढली, मळ काढला, आणि भुवईवरची खोकही काढली.

"खोक होती?" नवरा म्हणाला. त्याला माहीतच नव्हतं.

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. दुसरीतल्या पोराला बापाची भुवई कुठून आठवणार, हे त्यांनाही कळत होतं. पण आता घरात त्या खोकेची आठवण असलेल्या त्या एकट्याच उरल्या होत्या, आणि त्यांनाही बाजू आठवत नव्हती.

"त्यो चिटोरा कुठं हाय?"

तो परत मिळालाच नव्हता. अंकल म्हणाले होते, शोधून ठेवतो. मग पुराच्या वर्षी त्यांच्या दुकानात छातीएवढं पाणी शिरलं आणि विषय संपला. हे नवऱ्याने आईला आजवर सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, नारळाची पिशवी अजून हातातच.

मी म्हटलं, बास. तुम्ही नारळ खवा.

कात्रीने कापलेला तुकडा गेला, पण तो ज्यातून कापला ती टीम काही एकट्या माणसाची नव्हती. इतरांच्या घरीही तो फोटो असणार, आणि आजकाल लोक जुने अल्बम नेटवर चढवतात. इथे फोटो देऊन उपयोग नव्हता, शब्द देऊनच शोधायला हवं होतं. मी अंबरनाथ इंग्रजीत लिहून पुढे कबड्डी लिहिलं. आता आमच्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग ज्याचं त्याचं वेगळं. स्टेशनवर एक, दुकानांच्या पाट्यांवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. एका स्पेलिंगने शिवमंदिराचे शेकडो फोटो आले. दुसऱ्याने मला विचारलं, तुम्हाला अमरनाथ म्हणायचंय का, आणि पडदाभर बर्फ आणि यात्रेकरू. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या थंडीत कबड्डी कोन खेळंल?"

मग मी विचार केला, अल्बम चढवणारा कोण असेल? कारखान्याच्या कॉलनीतला कुणी तरी, मराठी शाळेत शिकलेला, माझ्यासारखा. तो शब्द बरोबर लिहिणार नाही, जसा ऐकू येतो तसा लिहील. मी गावाच्या नावात ई-आर काढून ए-आर केलं, कबड्डीत दोन बी घातले आणि एक डी काढला. पुढे 'ओल्ड टीम' असं लिहिलं.

तिसऱ्या पानावर एक करडा चौकोन दिसला. टपालाच्या तिकिटाएवढा. पुरुषांच्या दोन रांगा.

कॉलनीतल्या जुन्या मुलांनी ओळखीपाळखीच्या एका साईटवर ग्रुप केला होता, त्यातल्या कुणाचा तरी अल्बम होता तो. खाली लिहिलं होतं, माझे बाबा आणि त्यांची टीम. मी उघडला. वरून खाली एकेक पट्टी उतरू लागली. आकाश. कारखान्याचं पत्र्याचं छप्पर. मग मागच्या रांगेची डोकी, कपाळं, चेहरे. मग बनियन, अर्ध्या चड्ड्या, धुळीने भरलेले गुडघे.

नवरा खवणी सोडून आला होता. त्याने बोट पुढे केलं, ते मी खाली दाबलं. धंद्यातली शिस्त आहे ही. ज्याला ओळखायचंय त्याला आधी उत्तर सांगायचं नाही, नाही तर त्याला तेच दिसतं.

सासूबाईंनी पुढच्या रांगेपासून सुरुवात केली. पडद्याला बोट न लावता, थोडं वरून, एकेकावरून नेत. हा पाळीला कायम उशिरा यायचा. ह्याची बायको माझ्यासंगं कँटीनला होती, चपात्या जाळायची. हा नंतर दुबईला गेला. मागच्या रांगेत आल्या. बोट एकावरून दुसऱ्यावर गेलं, टोकापर्यंत पोचलं, आणि थांबलं.

सासरे ह्यांत नव्हते.

नवऱ्याचा खोबऱ्याचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता, तो मला दाबल्यासारखा लागला. चेहरे वालाच्या दाण्याएवढे होते. मोठे केले की चौकोन चौकोन होत होते, म्हणून मी मोठे करत नव्हते.

"मी सूटवाल्याला शोधत हुते," सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. बोट मागच्या रांगेवरून उलटं निघालं, या वेळी भरभर, आणि मधल्या एका उंच, बारीक माणसावर येऊन थांबलं. मान एका बाजूला कललेली. तोंड हसरं नाही, पण हसण्याच्या बेतात. डाव्या डोळ्यावरची भुवई मध्ये तुटलेली होती, रेघ ओढता ओढता पेन्सिल उचलावी तशी.

"हे," त्या म्हणाल्या. "हे बघ. डावी. डावीच हुती."

आता माझं काम होतं. ओळखणं त्यांचं, खात्री करणं माझं. मी खिडकीतला फोटो आणून पडद्याशेजारी धरला. मानेचा कल तोच. कानाची पाळी तशीच, खाली गालाला जुळलेली. पण मला पक्कं काही तरी हवं होतं, आणि ते मिळालं. टीमच्या फोटोत सासऱ्यांच्या शेजारच्या गड्याने त्यांच्या गळ्यात हात टाकला होता. त्याची दोन बोटं त्यांच्या मानेवर, बनियनच्या पट्ट्याच्या वर, टेकली होती. सूटवाल्या फोटोत बरोबर त्याच जागी तो फिकट डाग होता. अंकलनी हात काढला, मनगट काढलं, पण मानेला चिकटलेली बोटांची टोकं त्यांना कातडीचाच भाग वाटली असणार. ती कॉलरच्या वर तशीच राहिली.

मी दोन्हीकडे बोट ठेवून दाखवलं. नवऱ्याला लगेच कळलं. सासूबाईंना पुन्हा दाखवावं लागलं.

"म्हंजे मी काचंवरनं ह्याची बोटं पुसत हुते?"

"हो."

"हा ह्यांचा जोडीदार. एका पाळीला दोघं. चहाला गेलं तरी संगं, घरी आलं तरी संगं, मी म्हनायची, ह्याला पन लगीन करून आनलाय का तुमी. त्यो पन गेला लय वर्षं झाली." त्यांनी फोटोतल्या डागावर बोट फिरवलं. "अजून हात काढला नाय बघ."

तर माणूस आमचाच होता. पडद्यावरचा आणि भिंतीवरचा एकच. सासूबाई परत बाहेर गेल्या, ओट्यावरची परात खाली घेऊन बसल्या आणि वाल सोलू लागल्या. मी अल्बम चढवणाऱ्याला निरोप लिहिला, की मागच्या रांगेतल्या मधल्याची मी सून, मूळ फोटो मोठा स्कॅन करून मिळाला तर बरं होईल. उत्तर येईल तेव्हा येईल.

जेवताना नवरा म्हणाला, मोठा फोटो मिळाला की तोच लावू, खरा. सूटवाला काढून टाकू. त्याला तो सूट आता नकोसा झाला होता, आणि स्वतःवर रागही होता थोडा.

सासूबाई बिरडं खात होत्या. "अर्ध्या चड्डीवर?" त्या म्हणाल्या. "पाहुनं आलं की हे आधी सदरा घालायचे, मग बाहेर यायचे. त्यांना भिंतीवर चड्डीत उभं करतोस व्हय?"

"अगं पण तो कोट खोटा आहे, आई."

"असू दे. अंगाला बरोबर बसलाय. गोरा काय मागायला येत नाय." मग माझ्याकडे वळून, "तेवढी खोक घालून देशील का गं? डावीकडं."

म्हटलं, देते. आणि बदलापूरच्या पाहुण्यांना काय सांगायचं? काही सांगायचं नाही, त्या म्हणाल्या. त्यांच्या बाबांना कुठली खोक होती ते त्यांचं त्यांना माहीत. मग त्यांनी ताट पुढे केलं. "कडूच झालंय. वाढ अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोटो जुन्या ओढणीत गुंडाळून उल्हासनगरला दुकानात नेला. शटर नुकतंच वर गेलं होतं, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. स्कॅनरवर घातला, पडद्यावर भुवई हातभर मोठी केली, शेजारी टीमचा फोटो उघडा ठेवला. डावी भुवई मध्ये तोडली आणि तिथे कातडीचा रंग भरला, फार गुळगुळीत नाही. एकदा ती जागा चुकून जास्त रुंद झाली, ती पुन्हा केली. खिसा उजवीकडे होता तो तसाच राहू दिला. कोट फिरवला असता तर खांदे मानेशी जुळले नसते. मानेवरची बोटं पुसायला मिनिट लागलं असतं. ती ठेवली. उलट त्यांच्या कडा जराशा उठावदार केल्या, म्हणजे डाग वाटू नये, बोटं आहेत असं वाटावं. प्रिंट काढायला पाठवलं.

तेवढ्यात पापडवाला आला. नवीन पाकीट करायचंय, म्हणाला, लेडी तीच ठेवा, हसरी. मी त्याला बसायला सांगितलं आणि आधी ती आणखी कुठेकुठे नोकरी करते ते बघायला घेतलं.